पेशीची ओळख आणि रोगाचे भवितव्य : गर्भाशय-अस्तराच्या कर्करोगातील ग्राही-तपासणी



शाळेच्या स्मृतिव्याख्यानात गर्भाशयाच्या कर्करोगाविषयी बोलावे काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. या विषयावर घरातही मोकळेपणाने बोलले जात नाही, मग सभागृहाची गोष्ट दूरच. परंतु नेमक्या याच मौनाची किंमत स्त्रियांना द्यावी लागते. आणि जे घरात बोलले जात नाही ते समजावून सांगण्याची जागा शाळेवाचून दुसरी कोणती?

आणखी एक कारण आहे. आपल्या दाजीबानपेठेतील अनेक घरांत बोली एक, देवघरातील पोथी मराठी, दुकानातील व्यवहार कन्नड आणि रुग्णालयातून हाती पडणारा कागद इंग्रजी, अशी स्थिती आहे. त्या कागदावर तळाशी एखादी ओळ असते : ‘ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचून कोणी हादरतो. वस्तुतः या ठिकाणी तो बहुधा दिलासा देणारा असतो. ‘निगेटिव्ह’ वाचून कोणी सुटकेचा निःश्वास टाकतो. वस्तुतः तेथे अधिक सावध व्हावयास हवे असते. त्या एका ओळीचा अर्थ काय, ती काय सांगते आणि काय सांगत नाही, एवढेच आजच्या विवेचनाचे प्रयोजन आहे.

रोग कोठे होतो?

बोलीभाषेत आपण ‘पिशवीचा कॅन्सर’ असा एकच शब्द वापरतो. त्यात दोन निरनिराळे रोग दडलेले आहेत. गर्भाशयाच्या मुखाशी होणारा कर्करोग वेगळा आणि गर्भाशयाच्या आतील अस्तरात होणारा कर्करोग वेगळा. मुखाचा रोग प्रामुख्याने एका विषाणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गातून उद्भवतो. त्यासाठी प्रतिबंधक लस आहे आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग हुडकण्याची चाचणीही आहे. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर अशा चाचण्यांचा जो अभ्यास सुरू झाला, त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली.

अस्तराच्या रोगाचे कारण निराळे, वय निराळे आणि वर्तनही निराळे. हा रोग बहुधा ऋतुनिवृत्तीनंतर होतो. त्याच्यासाठी सर्व स्त्रियांची सरसकट करावी अशी चाचणी आजही उपलब्ध नाही. मुखाच्या रोगासाठी घेतात ती पॅप चाचणी येथे भरवशाची नाही. मात्र निसर्गाने येथे एक सवलत दिली आहे. हा रोग लवकर बोलतो. अस्तराचा कर्करोग झालेल्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे नव्वद जणींना पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झालेला असतो. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी : अशा रक्तस्रावाची तक्रार घेऊन येणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी नऊ जणींच्या आसपासच कर्करोग निघतो. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही, परंतु दुर्लक्ष करण्याचेही कारण नाही.

भारतात १९६३ साली मुंबईत लोकसंख्येवर आधारित पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भागासाठी तशीच नोंदणी आरंभली गेली. अशा नोंदींवरून दिसते ते असे की, आपल्याकडे मुखाचा कर्करोग अस्तराच्या कर्करोगापेक्षा पुष्कळ अधिक आढळतो; परंतु मोठ्या शहरांत मुखाच्या रोगाचे प्रमाण उतरत असून अस्तराच्या रोगाचे वाढत आहे. वाढलेले आयुर्मान, स्थूलता, मधुमेह आणि कमी झालेली बाळंतपणे ही त्यामागील कारणे होत. बाजारपेठेत दिवसभर गादीवर बसून व्यवहार करणाऱ्या आपल्यासारख्या समाजाला ही यादी परकी वाटू नये.

संप्रेरक आणि ग्राही

गर्भाशयाचे अस्तर हे शरीरातील एक विलक्षण शेत आहे. दर महिन्याला ते वाढते, पिकते आणि गर्भधारणा न झाल्यास झडून जाते. या शेतावर दोन संप्रेरकांची सत्ता चालते. इस्ट्रोजेन अस्तराच्या पेशींना ‘वाढा’ म्हणून सांगते. प्रोजेस्टेरॉन त्यांना ‘आता वाढ पुरे, पिकावयास लागा’ असे सांगते. पहिला हुकूम पेरणीचा, दुसरा कापणीच्या तयारीचा. दोहोंचा तोल राहिला की शेत निकोप राहते.

परंतु संप्रेरक तर रक्तातून सर्व शरीरभर फिरते. मग अस्तराने ते ऐकावे आणि हाडाने किंवा स्नायूने ते निराळ्या प्रकारे ऐकावे, हे कसे घडते? याचे उत्तर शोधताना अमेरिकेतील शिकागो येथील शास्त्रज्ञ एल्वुड जेन्सेन यांनी एक सुंदर प्रयोग केला. किरणोत्सर्गी हायड्रोजनाने खूण केलेले इस्ट्रोजेन त्यांनी लहान माद्या-उंदरांना टोचले आणि ते शरीरात कोठे साठते ते पाहिले. इतर बहुतेक अवयवांतून ते लवकर निघून गेले. गर्भाशयात मात्र ते जसेच्या तसे टिकून राहिले. तेथील पेशींत त्याला धरून ठेवणारे काहीतरी आहे, हे उघड झाले. १९५८ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रथम मांडले. त्या धरून ठेवणाऱ्या प्रथिनालाच आपण ‘ग्राही’ अथवा ‘रिसेप्टर’ म्हणतो. पुढे स्तनाच्या कर्करोगात ग्राहींचा एवढा बोलबाला झाला की, मुळात त्यांचा माग गर्भाशयात लागला होता हे पुष्कळांच्या विस्मरणात गेले.

ग्राही कसा काम करतो? कुलूप आणि किल्ली हा दृष्टांत परिचयाचा आहे, पण तो येथे अपुरा पडतो. इस्ट्रोजेनचा ग्राही मुख्यत्वे पेशीच्या केंद्रकात असतो. संप्रेरकाचा रेणू तेथे पोहोचून त्याला चिकटला की ग्राहीचा आकार बदलतो. मग तो डीएनएच्या ठरावीक भागांवर बसतो आणि विशिष्ट जनुके कामाला लावतो. त्यांपैकी एक जनुक मोठे मार्मिक आहे : ते प्रोजेस्टेरॉनचा ग्राही तयार करते. म्हणजे वाढीचा हुकूम देणारे इस्ट्रोजेनच, वाढीला आवर घालणारा हुकूम ऐकण्याची व्यवस्थाही लावून ठेवते. म्हणून अहवालात ‘पीआर पॉझिटिव्ह’ असे आढळले, तर इस्ट्रोजेनच्या ग्राहीची यंत्रणा नुसती हजर नाही, ती बहुधा कामही करीत आहे, असे अनुमान काढता येते.

तोल बिघडला म्हणजे

इस्ट्रोजेनचा हुकूम सतत चालू राहिला आणि प्रोजेस्टेरॉनचा आवर नाहीसा झाला, तर अस्तर भरमसाट वाढते. त्या वाढीतून काही स्त्रियांत आधी विकृत पेशी आणि नंतर कर्करोग निर्माण होतो.

ऋतुनिवृत्तीनंतर बीजांडकोश थकतात. मग इस्ट्रोजेन येते कोठून? ते येते चरबीतून. अधिवृक्क ग्रंथींत तयार होणाऱ्या पुरुषी वळणाच्या संप्रेरकांचे चरबीच्या पेशींतील ॲरोमॅटेज नावाचे एन्झाइम इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. चरबी जितकी अधिक, तितके हे उत्पादन अधिक. प्रोजेस्टेरॉन मात्र बीज सुटल्याखेरीज पुरेसे तयार होत नाही. स्थूल स्त्रियांत हा रोग अधिक का आढळतो, याचे प्रमुख कारण हेच. तरुण वयात बीजांडकोशाच्या विकारामुळे ज्यांची पाळी महिनोन्महिने चुकते, त्यांच्यातही हीच एकतर्फी स्थिती असते.

या सिद्धांताचा पुरावा अमेरिकेने दुर्दैवाने आपल्या स्त्रियांवरच पाहिला. ऋतुनिवृत्तीचे त्रास कमी व्हावेत म्हणून तेथे एकट्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या सर्रास दिल्या जात. १९७५ साली एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात दोन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत अस्तराच्या कर्करोगाचा धोका एका अभ्यासात सुमारे साडेचार पट, तर दुसऱ्यात सुमारे साडेसात पट आढळला. त्यानंतर गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेन द्यावयाचे तर सोबत प्रोजेस्टेरॉनच्या वर्गातील औषध द्यावे, हा दंडक पडला.

टॅमॉक्सिफेन या औषधाची कथा याहून बोधप्रद आहे. स्तनाच्या कर्करोगात हे औषध इस्ट्रोजेनच्या ग्राहीला अडवून धरते आणि असंख्य स्त्रियांचे प्राण वाचविते. परंतु तेच औषध गर्भाशयाच्या अस्तरात त्याच ग्राहीला काही अंशी चेतविते. एका अवयवात जे आवर घालते, तेच दुसऱ्यात उत्तेजन देते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासानुसार, हे औषध घेणाऱ्या दर हजार स्त्रियांमागे वर्षाला एक-दोन जणींना अस्तराचा कर्करोग झाला. हा धोका अल्प आहे आणि स्तनाच्या रोगात मिळणारा लाभ त्याहून पुष्कळ मोठा आहे. तेव्हा हे औषध आपल्या मनाने कोणीही बंद करू नये. मात्र ते घेत असताना पाळी गेलेल्या स्त्रीला रक्तस्राव झाला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगावे.

मुंबईतील पायाभरणी

संप्रेरके आणि कर्करोग यांचा संबंध शोधण्याच्या कार्यात मराठी नावे मागे नव्हती, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. १९४१ साली मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. कर्करोगाकडे पाहताना रुग्णाचे राहणीमान, सवयी आणि वस्त्रे यांचाही विचार केला पाहिजे, ही दृष्टी त्यांनी भारतीय विकृतिविज्ञानाला दिली. धोतर वर्षानुवर्षे कमरेला घट्ट बांधल्याने तेथील त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचे त्यांनी केलेले वर्णन आजही ग्रंथांत उल्लेखिले जाते. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली तीही त्यांच्याच नेतृत्वाखाली.

त्यांच्या विद्यार्थिनींमध्ये डॉ. कमल रणदिवे यांचे स्थान विशेष होते. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या आणि हुजूरपागेत शिकलेल्या कमलताईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. पदवी मिळविली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतक-संवर्धनाचे तंत्र शिकून त्या परतल्या आणि मुंबईत त्यांनी तशी प्रयोगशाळा उभारली. उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर काम करताना आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचे परस्परसंबंध त्यांनी तपासले. अस्तराचा कर्करोग हा त्यांचा विषय नव्हता. परंतु संप्रेरकांचा तोल आणि पेशींची वाढ यांचे नाते एका भारतीय प्रयोगशाळेत इतक्या चिकाटीने तपासले जात होते, ही गोष्ट आपल्या मुलींना सांगण्याजोगी आहे. १९७३ साली स्थापन झालेल्या भारतीय महिला शास्त्रज्ञांच्या संघटनेच्या त्या एक संस्थापक होत्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला.

खूण कशी वाचतात?

आता त्या कागदावरील ओळीकडे वळू. आरंभीच्या काळात ग्राही मोजण्यासाठी ताजे ऊतक तत्काळ गोठवून, ते वाटून, त्यातील ग्राहींचे प्रमाण रासायनिक पद्धतीने काढीत. ही पद्धत खर्चिक होती आणि तिच्यात एक दोष होता : वाटलेल्या तुकड्यात कर्करोगाच्या पेशी किती आणि शेजारच्या निरोगी पेशी किती, हे सांगता येत नसे. पुढे ग्राहीला नेमके ओळखणारी प्रतिपिंडे तयार झाली. आता ऊतक फॉर्मालिनमध्ये टिकवून, मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे अत्यंत पातळ काप घेतात. त्यांवर प्रतिपिंड टाकतात. जेथे ग्राही असेल तेथे तपकिरी रंग उमटतो. विकृतिवैज्ञानिक सूक्ष्मदर्शकातून पाहतो की, अर्बुदाच्या शंभर पेशींपैकी कितींची केंद्रके रंगली आणि रंग गडद आहे की फिकट.

येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. किती टक्के पेशी रंगल्या म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ म्हणावे, याचा उंबरठा सर्व अभ्यासांत सारखा राहिलेला नाही. कोठे एक टक्का, तर कोठे दहा टक्के धरला गेला. म्हणून अहवालातील शब्दापेक्षा त्याच्या शेजारचा टक्क्यांचा आकडा अधिक मोलाचा असतो. तो दिलेला नसेल, तर विनयाने विचारावा.

आणि ही सर्व विद्या एका साध्या गोष्टीवर अवलंबून आहे. काढलेले ऊतक वेळेवर आणि पुरेशा फॉर्मालिनमध्ये पडले पाहिजे. ते तासन्‌तास तसेच राहिले, तर ग्राहीच्या खुणा पुसट होतात आणि असलेली खूणही ‘नाही’ म्हणून नोंदली जाऊ शकते.

फलानुमान म्हणजे काय?

रोगाचा पुढील प्रवास कसा होईल याविषयी वैद्यकाने बांधलेल्या अंदाजाला फलानुमान म्हणतात. अस्तराच्या कर्करोगात ते प्रामुख्याने तीन गोष्टींवर आधारले जात असे : रोग किती दूर पसरला, म्हणजे अवस्था, पेशी मूळ अस्तराशी किती साम्य राखून आहेत, म्हणजे श्रेणी, आणि अर्बुद गर्भाशयाच्या स्नायूत किती खोल शिरले आहे. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग गर्भाशयापुरता मर्यादित असताना सापडला, तर पाच वर्षांनंतर शंभरांपैकी सुमारे ९५ स्त्रिया जगण्याची अपेक्षा असते; दूरच्या अवयवांत पसरल्यावर हा आकडा वीसच्या आसपास किंवा त्याखाली येतो.

ग्राहींनी यात एक नवी दृष्टी आणली. ज्या अर्बुदात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोहोंचे ग्राही टिकून आहेत, ते बहुधा सावकाश वाढते, उशिरा पसरते आणि शस्त्रक्रियेनंतर परत येण्याची शक्यताही कमी असते. ज्यातून ग्राही नाहीसे झाले, ते लसिकाग्रंथींत पसरण्याची आणि पुन्हा उद्भवण्याची शक्यता अधिक असते. याचे कारण तर्काला धरून आहे. ग्राही बाळगणारी पेशी कर्करोगाची असली तरी आपले मूळ विसरलेली नाही. ती अजून शरीराचे हुकूम ऐकते. ग्राही गमावलेली पेशी घर सोडून गेली आहे. तिची वाढ आता कोणाच्याही हुकुमावर अवलंबून नाही.

१९८३ साली रशियन वैद्य बोखमन यांनी या रोगाचे दोन प्रकार सांगितले. पहिला इस्ट्रोजेनच्या अतिरेकातून, बहुधा स्थूल आणि मधुमेही स्त्रियांत होणारा, सौम्य वर्तनाचा. दुसरा संप्रेरकांशी फारसा संबंध नसलेला आणि आक्रमक. ही विभागणी पुष्कळ वर्षे उपयोगी पडली. परंतु व्यवहारात अनेक रुग्ण दोहोंच्या सीमेवर पडत, आणि सौम्य दिसणारे काही रोग उग्र निघत.

२०१३ साली अमेरिकेतील एका व्यापक प्रकल्पात ३७३ अर्बुदांच्या जनुकीय रचनेचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि दोनांच्या जागी चार गट पुढे आले. पहिल्या गटात डीएनएची नक्कल करणाऱ्या ‘पोल’ नावाच्या एन्झाइमातच दोष असतो. यातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली भयंकर दिसतात, पण रुग्णांची प्रगती उत्तम असते. दुसऱ्या गटात डीएनएतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असते. तिसऱ्यात ‘पी-५३’ हे पेशीचे रखवालदार प्रथिन बिघडलेले असते. हा गट लहान असला तरी या रोगाने होणाऱ्या मृत्यूंतील मोठा वाटा त्याचा आहे. चौथा गट म्हणजे यांपैकी कोणतीही खूण नसलेला. आणि संख्येने तोच सर्वांत मोठा, जवळजवळ निम्मा.

मग ग्राहींचे महत्त्व संपले काय? नाही, त्यांची जागा अधिक नेमकी झाली. ज्या चौथ्या गटात दुसरी कोणतीही खूण वाट दाखवीत नाही, तेथेच इस्ट्रोजेनचा ग्राही वाट दाखवितो. त्या गटात श्रेणी सौम्य आणि ग्राही हजर असेल तर फलानुमान फार चांगले. ग्राही नसेल तर रोग सौम्य दिसत असूनही सावधगिरी वाढवावी लागते. २०२३ साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने या रोगाच्या अवस्थांची जी नवी मांडणी केली, तिच्यात ‘पोल’ आणि ‘पी-५३’ यांच्या तपासणीला स्थान मिळाले. सोबत ग्राहींची तपासणी करण्याकडेही आता तज्ज्ञांचा कल आहे.

दुसऱ्या गटाविषयी एक वाक्य अधिक बोलले पाहिजे, कारण त्याचा संबंध रुग्णापुरता राहत नाही. दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेल्या स्त्रियांपैकी काहींमध्ये हा दोष आईवडिलांकडून आलेला असतो. अस्तराच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे तीन जणी अशा असतात. त्यांच्या भावंडांना आणि मुलांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचाही धोका असतो आणि वेळेवर तपासणी केल्यास तो टाळता येतो. आईच्या कागदावरील ओळ मुलाचे प्राण वाचवू शकते, ती अशी.

खुणेचा उपचारात उपयोग

पेशी हुकूम ऐकत असेल, तर तिला थांबण्याचा हुकूम द्यावा, ही कल्पना सरळ आहे. १९६१ साली केली आणि बेकर या अमेरिकन डॉक्टरांनी पसरलेल्या रोगाच्या २१ स्त्रियांना प्रोजेस्टेरॉनच्या वर्गातील औषध दिले. त्यांतील जवळजवळ एकतृतीयांश जणींचा रोग ओसरला. ग्राही मोजण्याची सोय नव्हती, त्या काळातील ही गोष्ट. पुढे ग्राही मोजता येऊ लागल्यावर कळले की, लाभ झाला तो बहुतांशी ग्राही बाळगणाऱ्या अर्बुदांत.

आज या औषधांचा उपयोग मर्यादित पण मोलाचा आहे. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीत अत्यंत आरंभीचा, सौम्य श्रेणीचा रोग सापडला, तर गर्भाशय न काढता अशा गोळ्या किंवा तांबीसारखे, पण संप्रेरक सोडणारे साधन वापरता येते. मात्र रोग पुन्हा उद्भवण्याची शक्यता राहते, म्हणून ठरावीक मुदतीने तुकड्याची तपासणी करावीच लागते. एक अडचणही आहे : औषध दीर्घकाळ दिले की पेशी स्वतःच प्रोजेस्टेरॉनचे ग्राही कमी करते. तोच तो हुकूम ऐकून तिचे कान बधिर होतात म्हणा ना. बहुसंख्य स्त्रियांसाठी शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे; नंतर किरणोपचार किंवा औषधे द्यावयाची की नाहीत, हे ठरविताना वर सांगितलेल्या खुणांची मदत होते.

खुणेची मर्यादा

या ठिकाणी एक इशारा आवश्यक आहे. फलानुमान हे शंभर स्त्रियांविषयीचे विधान असते. समोर बसलेल्या एका स्त्रीविषयीचा तो निकाल नव्हे. ज्योतिषाने वर्तविलेले भविष्य आणि वैद्याने बांधलेले अनुमान यांत हाच भेद आहे की, दुसऱ्याला आपली चूक मान्य असते आणि ती कमी करण्यासाठी तो रोज नवे मोजमाप करीत असतो. ‘निगेटिव्ह’ अहवाल असलेल्या अनेक स्त्रिया वर्षानुवर्षे आनंदात जगत आहेत. म्हणून कागद वाचून रुग्णाला वाळीत टाकल्यासारखे वागविणे किंवा तिच्यापासून सत्य लपविणे, दोन्ही अनुचित होत.

आपल्या हाती काय आहे?

हुबळीकरांना आज उपचारासाठी मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. १९५७ साली येथे सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्या विद्यानगरात आहे. हुबळी-धारवाडच्या मध्यावर नवनगरात कर्करोगासाठी स्वतंत्र संस्था आहे. प्रश्न रुग्णालयापर्यंतच्या अंतराचा नाही. तो पहिल्या डागापासून पहिल्या शब्दापर्यंतच्या अंतराचा आहे.

पाळी जाऊन एक वर्ष लोटलेल्या स्त्रीला एकदा जरी रक्ताचा डाग दिसला, तरी ते लक्षण मानावे. ‘उष्णता वाढली’, ‘वयानुसार होतेच’, ‘मुलीचे लग्न पार पडू द्या’ अशी कारणे काढून महिने घालवू नयेत. आधी सोनोग्राफीने अस्तराची जाडी पाहतात. गरज वाटल्यास अस्तराचा लहानसा तुकडा काढून तपासतात. पुष्कळदा एवढ्यानेच शंकेचे निरसन होते. पाळी चालू असलेल्या, परंतु अंगावर फार जाणाऱ्या किंवा महिनोन्महिने पाळी चुकणाऱ्या स्थूल स्त्रीनेही संकोच करू नये.

याच्या उलट टोकालाही जाऊ नये. ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालून तरुण स्त्रियांची पिशवी काढण्याचे प्रकार आपल्या देशात घडले आहेत. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न महाराष्ट्राच्या विधिमंडळापर्यंत गेला आणि चौकशी समिती नेमावी लागली. सबळ कारणावाचून आणि तुकड्याच्या तपासणीवाचून कर्करोगाच्या नावाने गर्भाशय काढू देऊ नये. आणि कोणत्याही कारणाने तो काढला गेलाच, तर तो विकृतिवैज्ञानिक तपासणीसाठी पाठविला गेला काय, हे कुटुंबाने अवश्य विचारावे. तपासणीविना टाकून दिलेल्या ऊतकातून कोणताही ग्राही पुन्हा वाचता येत नाही. अहवालाची प्रत जपावी, आणि मेणाचा ठोकळा कोठे ठेवला आहे याची नोंद ठेवावी. दुसऱ्या शहरात सल्ला घ्यावयाचा झाल्यास त्याच ठोकळ्यातून नव्या तपासण्या होऊ शकतात.

श्रोतेहो, आज आपण पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन आलो. जेन्सेन यांनी उंदरांच्या गर्भाशयात ज्या धाग्याचे टोक धरले, ते आज आपल्या पेठेतील एखाद्या आजीच्या अहवालापर्यंत येऊन पोहोचले आहे. परंतु त्या अहवालातील सर्वांत बलवान खूण ग्राहीची नाही; ती आहे वरच्या कोपऱ्यातील तारखेची. रोग गर्भाशयात असतानाची ती तारीख आहे की तो बाहेर पडल्यानंतरची, यावर पुढचे बहुतेक सारे अवलंबून असते. ग्राही असावेत की नसावेत, हे आपल्या हाती नाही. तारीख मात्र आपल्या हाती आहे, आणि ती आईने लेकीला, सुनेने सासूला, बहिणीने बहिणीला वेळेवर विचारलेल्या एका प्रश्नाने ठरते.

आज येथून घरी गेल्यावर तो प्रश्न आपल्यापैकी काहींनी विचारला, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.